न बोलणाऱ्या पोराची कादंबरी: पहिल्या वहीपासून मुद्रितशोधकापर्यंत

माझ्या पहिल्या कादंबरीचा नायक खिडकीत बसायचा. नववीतला मुलगा, कुणाशी बोलत नाही, तास चालू असताना बाहेरचं चिंचेचं झाड बघतो, असं ते एकूण प्रकरण होतं. हातानं लिहिलेली 140 पानं झाली तेव्हा माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला वाचायला दिली. तिनं खिडकीचा प्रत्येक उल्लेख पेन्सिलीनं मोजून समासात आकडे टाकले होते. शेवटचा आकडा 11. त्याखाली लिहिलं होतं, "ह्या पोराला कुणीतरी उठवा."

कादंबरी ट्रंकेत गेली ती गेलीच. पण त्या शेऱ्यामुळे जे कळलं त्यावर पुढं बरंच काम करता आलं, आणि शाळकरी वयाच्या बुजऱ्या मुलावर किंवा मुलीवर लिहू पाहणाऱ्यांना मी आता तेच आधी सांगते. आपण समजतो की असं पोर काही करत नाही, म्हणून आपण त्याच्या भावना लिहीत बसतो. प्रत्यक्षात वर्गात सगळ्यात जास्त राबणारं पोर तेच असतं. कुठल्या नळावर गर्दी कमी असते, कोणत्या सरांचा तास असला की वाचायला उभं करतात, डबा कुणाशेजारी बसून खाल्ला की कुणी काही विचारत नाही, ह्याचा हिशोब त्याच्या डोक्यात सकाळपासून चालू असतो. ही चुकवाचुकवी म्हणजेच त्या कादंबरीचं कथानक. भावना तिच्या पोटातून आपोआप येतात.

आता कामाला लागू.

आधी शब्द ठरवा

'लाजाळू मुलगा' एवढ्यावर कादंबरी सुरू करू नका. मराठीत ह्या एका गोष्टीसाठी डझनभर शब्द आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी होते.

बुजरा हा शब्द गुराढोरांकडून आलाय. बैल बुजतो तो नव्या माणसाला, नव्या आवाजाला. बुजरं पोर सरावलं की नीट बोलतं, त्यामुळे त्याची कादंबरी नव्या जागेची असते: बदली, नवी शाळा, बदललेली तुकडी. भिडस्ताचं उलट. तो सगळ्यांशी बोलतो, फक्त नाही म्हणू शकत नाही. चार जणांची जर्नलं पुरी करून देतो, न केलेल्या खोडीचा मार खातो, आणि कथानक त्याच्या अंगावर आपोआप साचत जातं. मुखदुर्बळाला उत्तर येत असतं, बाहेर पडत नाही. घुमा आतल्या आत राग धरून असतो आणि वर्ग त्याला थोडा घाबरूनही असतो. एकलकोंड्याला एकटं राहायला आवडतं, म्हणजे त्याच्या बाबतीत दुःखी व्हायचं काम आपलं नव्हे. आणि माणूसघाणा नायक चौदाव्या वर्षी घेऊ नये असं माझं मत आहे. त्या वयात तो बहुतेक वेळा लेखकाचाच राग बोलून दाखवतो.

वहीच्या पहिल्या पानावर ह्यातला एक शब्द लिहा. दोन चालतील. तीन लिहिले तर तुम्हाला पोर अजून दिसलेलं नाही. आणि त्याच पानावर हेही लिहा की ते पोर कुठं भरभरून बोलतं. अशी एक तरी जागा असतेच. गोठा, आजी, धाकटी बहीण, क्रिकेटची कॉमेंटरी, काहीही. ती जागा सापडली नाही तर तुमच्या हातात मुलगा नाही, नुसतं लक्षण आहे.

एक छोटी अडचण, जी तोंड उघडल्याशिवाय सुटत नाही

इथून पुढं बोलणं हवेत राहू नये म्हणून एक पोरगा उदाहरणाला घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली एक वाडी. सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपासून मोठ्या गावचं हायस्कूल. पोराचं नाव घनश्याम. वाडीतल्या गुरुजींनी शाळा सोडल्याचा दाखला हातानं लिहिला, आणि हायस्कूलच्या जनरल रजिस्टरात उतरवताना क्लार्कनी 'घ'चा 'ध' वाचला. आठवीच्या पहिल्या दिवशी हजेरीत नाव पुकारलं गेलं, "धनश्याम." पोरगा एक क्षण थांबला, आजूबाजूला बघितलं, आणि म्हणाला, "हजर."

संपलं. त्या दिवसापासून तो धनश्याम. मधल्या सुट्टीपर्यंत 'धन्या'. आता तो दहावीत आहे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बोर्डाचं आवेदनपत्र भरायचंय. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव येतं ते पुढं नोकरीला, पासपोर्टला, जन्मभर पुरावा म्हणून दाखवायचं असतं. आता सांगायचं तर अक्षर तर दुरुस्त करून घ्यायला हवंच, पण त्याआधी हेही कबूल करायला हवं की दोन वर्षं मी चुकीच्या नावाला हजर म्हणत आलो.

अडचण अशी असावी. बाहेरच्या माणसाला किरकोळ, पोराला डोंगराएवढी. ती चार वाक्यांत सुटण्यासारखी असावी आणि तीच चार वाक्यं त्याच्याकडे नसावीत. नवे लेखक इथं घाईनं मोठी संकटं आणतात: वडिलांचा अपघात, शाळेला आग, खून. मोठ्या संकटात बुजरं पोरही ओरडतं, त्यामुळे त्याचा बुजरेपणा कामाचा राहत नाही.

ह्यानंतर लगेच एक काम करायचं, ते बरेच जण विसरतात: मोठ्यांचा रस्ता बंद करायचा. वाचक पहिल्या दहा पानांतच विचारणार, की आईबाप शाळेत येऊन सांगत का नाहीत? घनश्यामचे वडील नवी मुंबईत वाशीच्या बाजारात माथाडी कामगार आहेत. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष असाच तिकडं असतो आणि जत्रेला, सुगीला गावी येतो. आईला अक्षरओळख बेताची, प्रगतिपुस्तकावर ती अंगठ्याऐवजी सही करते ह्याचाच घरात अभिमान. 'घ' आणि 'ध' तिला सारखेच दिसतात. कुणी दुष्ट नाही, कुणी निष्काळजी नाही, तरी रस्ता बंद. बापाला दारूडा करून हा प्रश्न सोडवू नका. फार झालेत.

वर्ष कोणतं?

'काही वर्षांपूर्वी' म्हणून सुटका होत नाही. शाळेत वर्षावर सगळं ठरतं. 2010 नंतर शिक्षणहक्क कायद्यामुळे आठवीपर्यंत नापास करणं थांबलं, म्हणजे त्या दशकात नववी ही पहिली खरी चाळण झाली. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप ही शाळेइतकीच मोठी जागा झाली. तिथं गप्प पोराची गोष्टच वेगळी, कारण लिहून बोलणाऱ्यांत ते कदाचित पटाईत असेल. 2021 ला दहावीची परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. कॅमेरा बंद ठेवून वर्ष काढलेल्या बुजऱ्या मुलांवर मराठीत कुणीतरी लिहायला हवं.

घनश्यामसाठी मी 2003 ते 2006 घेतलं. कारण साधं: तेव्हा दाखले हातानं लिहिले जात होते आणि विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन गेलेली नव्हती. त्याबरोबर फुकटात दोन गोष्टी मिळतात. एक, 2003 चा दुष्काळ, माणदेशातल्या चारा छावण्या. आठवीतला पोरगा शाळा सुटल्यावर छावणीवर जातो आणि जनावरांशी अखंड बोलतो. त्याची बोलायची जागा तिथं सापडली.

दुसरी, 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मुंबईचे फोन बंद, रस्ते बंद. वडील तिकडं. आता दहावीतल्या ह्या पोराला एसटीडी बूथवर जाऊन बाजारातल्या कुठल्यातरी गाळ्याचा नंबर लावायचाय, अनोळखी माणसाला सांगायचंय की मी अमक्याचा मुलगा बोलतोय, जरा बघता का. बुजऱ्या माणसाला समोरासमोर बोलण्यापेक्षा फोन अवघड जातो, कारण हातवारे नाहीत, मान हलवता येत नाही. पूर त्याच्यापर्यंत असा आला: एक रुपयाचं मीटर पळतंय आणि तोंडातून नाव निघत नाही. बरं, पलीकडून विचारलं "कोण बोलतंय?" तर ह्यानं कुठलं नाव सांगायचं?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' आणीबाणीच्या काळात घडते, पण आणीबाणी तिथं नववीतल्या पोरांना जेवढी दिसेल तेवढीच येते. हे प्रमाण वहीत लिहून ठेवा. बातमी पोराच्या उंचीवरून. वर्तमानपत्राचं कात्रण जसंच्या तसं प्रकरणात चिकटवायचा मोह होईल. मला दर वेळी होतो.

चुकवाचुकवीची वही

मुख्य काम इथं आहे, त्यामुळे आठवडाभर तरी द्या. वेगळी वही करा. तिच्यात शाळेचा एक दिवस सकाळपासून लिहा आणि प्रत्येक ठिकाणी पोर काय टाळतंय आणि कसं टाळतंय ते लिहा. भावना लिहायला बंदी.

परिपाठापासून सुरुवात होईल. प्रार्थना आणि प्रतिज्ञा समूहात, त्यामुळे निर्धास्त. पण सुविचार, दिनविशेष, बातम्या वाचायला हजेरी क्रमांकानं पाळी येते. क्रमांक 23 असेल तर पाळी कधी येणार ते त्याला जूनपासून ठाऊक असतं, आणि त्या दिवशी पोट दुखतं. पोट खरंच दुखतं, हे विसरू नका. हजेरीला 'हजर' म्हणायचं तर किती आवाजात? फार हळू म्हटलं तर सर पुन्हा विचारतात आणि सगळे वळून बघतात. म्हणून त्यानं बरोबर मधला आवाज बसवून ठेवलाय. नळावर तो घंटा झाल्यावर जातो, उशिराची छडी परवडते पण रांगेतल्या गप्पा नको. ऑफ तासाला मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो; ह्याचं नाव कधीच येत नाही, आणि एक दिवस दुसऱ्याच्या खोडसाळपणामुळे येतं. (त्यानं मनातून थोडं बरं वाटतं. अशी उलटी गोष्ट सापडली की तिच्याखाली रेघ मारा.)

आणि पाच सप्टेंबर. शिक्षकदिनी दहावीची मुलं शिक्षक होतात, मुली साड्या नेसतात, पोरं बापाचा शर्ट इन करून येतात. बुजऱ्या पोरासाठी वर्षातला सगळ्यात भयंकर दिवस. बहुतेक शाळांत असं एक पोर स्वतःहून शिपाई व्हायला तयार होतं. सगळे म्हणतात किती साधा आहे. त्याचा हिशोब वेगळा असतो: शिपायाला बोलावं लागत नाही, घंटा वाजवावी लागते. आणि दिवसभर पूर्ण शाळा त्याच्या घंटेवर चालते. हा एकच प्रसंग नीट लिहिलात तर खिडकीचे ते अकरा उल्लेख लागणार नाहीत.

वहीत अशा तीसेक नोंदी झाल्या की त्यांतल्या अर्ध्या फसवा. टाळण्याची युक्ती चालली तर प्रसंग नाही. फसली तर आहे. एक नमुना देते. आधी मी पूर्वी कसं लिहायचे ते:

"घनश्याम खूप लाजाळू होता. वर्गात धडा वाचायची वेळ आली की त्याला भीती वाटायची. आपण एकटे आहोत असं त्याला वाटे."

आता वहीतून आलेलं:

"रांगेनं वाचन येत होतं. माझ्या पुढं चार जण, म्हणजे पाचवा परिच्छेद माझा. मी तो तीनदा मनात वाचून ठेवला. त्यात 'क्षितिज' होतं, 'क्ष' म्हणताना माझी जीभ अडते, तिथं खोकायचं ठरवलं. तेवढ्यात पुढचा गण्या पाणी प्यायला जाऊ का म्हणाला आणि सरांनी जा म्हटलं. पाचवा होता तो चौथा झाला. चौथा मी बघितलाच नव्हता. मी तरीपण पाचवाच वाचला. खोकलोसुद्धा."

भीती हा शब्द कुठंही नाही.

शाळेचं वर्ष म्हणजे तयार सांगाडा

कथानकाची आखणी म्हणून वेगळा तक्ता करायची गरज नाही, शाळेनं तो करून ठेवलाय. जूनच्या मध्यात शाळा उघडते (विदर्भात उन्हामुळे थोडी उशिरा). चाचणी, स्वातंत्र्यदिन, गणपती, शिक्षकदिन, सहामाही, दिवाळीची सुट्टी, सहल, स्नेहसंमेलन, पूर्वपरीक्षा, निरोप समारंभ, हॉल तिकीट, बोर्ड, आणि निकाल. प्रकरणं ह्यावर टांगा. दहावी निवडली तर घड्याळ आपोआप टिकटिकतं. नववी निवडली तर सैल जागा जास्त मिळते, दंगा जास्त मिळतो. आठवी नव्या शाळेच्या गोष्टीला उत्तम.

घनश्यामच्या बाबतीत मधला खिळा आवेदनपत्र. त्याआधी तीन प्रयत्न, तिन्ही वाया. त्यानंतर हॉल तिकीट ही शेवटची खिडकी, आणि तिथून दुरुस्ती करायची तर कागद शाळेतून कोल्हापूरच्या विभागीय मंडळाकडे जाणार. कागदपत्रांचा असा मार्ग लिहायचा असेल तर मनानं लिहू नका. ओळखीच्या शाळेच्या कार्यालयात एक सकाळ बसा, निवृत्त क्लार्क गाठा, तुमच्या कादंबरीच्या वर्षी काय पद्धत होती ते विचारा. ही माणसं सांगायला बसली की चहा दोनदा होतो. मला जनरल रजिस्टरचा वास, लाल शाईनं केलेल्या दुरुस्त्या आणि दुरुस्तीखालची मुख्याध्यापकांची सही हे सगळं असंच मिळालं.

सांगतंय कोण

बुजऱ्या पोराला 'मी' द्या. तोंडानं 'हं' म्हणणारं पोर डोक्यात अखंड बडबडत असतं आणि ह्या दोन्हींमधलं अंतर हाच विनोद, हीच करुणा. तृतीयपुरुषात ते अंतर दाखवायला लेखकाला मध्ये यावं लागतं.

पण 'मी' केव्हाचा? पस्तिशीतला माणूस आठवणी सांगतोय असं केलंत तर भाषा सुखावते, पावसाचा वास येतो, आणि पोर हरवतं. 'आज मागे वळून पाहताना' हे वाक्य लिहिलं की माझी मैत्रीण वही मिटते. चौदा-पंधराच्या पोराला स्वतःचं बालपण गोड वाटत नसतं, ते त्यातून बाहेर पडायच्या घाईत असतं. त्याच वयात, फार तर परीक्षा झाल्यावरच्या सुट्टीत बसून तो सांगतोय असं धरा.

बोलीचं काय करायचं? निवेदनात बोलीचा सूर ठेवा, उच्चारांची नक्कल नको. 'माझ्यापुढं', 'तिथनं', 'गप बसला' एवढ्यानं माणदेश येतो. लंपनच्या गोष्टींत प्रकाश नारायण संतांनी बेळगावकडची, कानडीचा शेजार असलेली मराठी अशीच पोराच्या डोक्यातून आणली आहे. तिथं बोली दाखवायला ठेवलेली नाही, पोर तसाच विचार करतं. आणि हायस्कूलला आल्यावर वाडीच्या पोराची बोली हेच गप्प बसण्याचं एक कारण असतं, हे विसरू नका. पहिल्यांदा 'पाणी'चं 'पानी' झालं आणि मागची रांग हसली, तेव्हापासून काही मुलं वर्षभर बोलत नाहीत.

कमी बोलणाऱ्याचे संवाद

टिंबं वापरू नका. "मी... म्हणजे... सर..." हे नाटकातलं अडखळणं झालं. खरा मुखदुर्बळ छोटं, पुरं, चुकीचं वाक्य बोलतो आणि समोरचा त्याचा अर्थ लावून मोकळा होतो. कमी बोलणाऱ्याच्या संवादात काम समोरच्याकडे असतं.

"काय पायजे?" क्लार्कनी मान वर न करता विचारलं.

"सर, नाव."

"नाव काय? नाव सांग की."

"धनश्याम," मी म्हणालो.

त्यांनी यादीवर बोट फिरवलं. "झालंय तुझं. फोटो तेवढा राहिलाय. जा."

पोरगा दुरुस्ती करायला गेला आणि आपल्याच तोंडानं चूक पक्की करून आला. क्लार्क वाईट माणूस नाही, त्याला दोनशे अर्ज भरायचेत. प्रसंग इथंच तोडा. बाहेर आल्यावर पोराला काय वाटलं हे लिहायची सुरसुरी आली तर पाणी प्या आणि पुढचं प्रकरण सुरू करा.

संबोधनं तपासा, त्यावरून गाव आणि काळ कळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि बाई, हायस्कूलला सर आणि मॅडम. काही शहरी मराठी शाळांत अजूनही बाईच. शिपायाला मामा किंवा काका. वाडीतून आलेला पोरगा पहिल्या आठवड्यात सरांना चुकून गुरुजी म्हणतो, तेही हसं होतं.

बाकीची माणसं

मारकुटा दांडगट, चष्मेवाला हुशार, एक सुंदर मुलगी आणि सगळं समजून घेणारे मराठीचे सर हा संच परदेशी सिनेमांतून आपल्याकडे आलाय. तिकडच्या शाळेत लॉकर असतात, नाचाची रात्र असते. आपल्याकडे बाक असतो. एका बाकावर वर्षभर कुणाशेजारी बसवलं जातं ह्यावर आयुष्यं वळतात, तर तुमचं दुसरं महत्त्वाचं पात्र बाकावरचा शेजारी. तो बडबड्या असू द्या, ह्याच्या वतीनं बोलणारा. त्याचं प्रेम खरं आहे आणि त्याच्यामुळेच ह्याला बोलायची गरज पडत नाही. मग सहामाहीनंतर सर जागा बदलतात.

बाहेरचा असणं हे कशामुळे, तेही ठरवा, कारण नुसत्या स्वभावानं कुणी बाहेरचं होत नाही. सेमी-इंग्लिशची अ तुकडी आणि उरलेल्यांची क तुकडी. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वर्गात उभं करून वाचलेली जातींची यादी. ऊसतोडीला आईबाप गेले म्हणून दिवाळीनंतर रिकामा झालेला आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरलेला बाक. एसटीचा पास. मुलीची गोष्ट लिहीत असाल तर शेवटची गाडी आणि शाळेतलं स्वच्छतागृह ह्या दोन गोष्टी ठरवल्याशिवाय पुढं जाऊ नका. त्यांच्याभोवती तिचा आख्खा दिवस बेतलेला असतो.

जड विषय आले तर

ह्या वयाच्या गोष्टीत छळ, जातीवरून अपमान, लैंगिक अत्याचार, जीव द्यायचा विचार हे येऊ शकतं. यायलाही हवं, जिथं आहे तिथं. पण ओळखीच्या मुलाचा अनुभव ओळखू येईल असा वापरू नका. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत बालकाची ओळख उघड करायला पॉक्सो कायद्यानं, म्हणजे 2012 पासून, बंदी आहे. आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका. पुस्तक मुलांच्या हातात जाणार असेल तर शेवटी चाइल्डलाइन 1098 आणि टेली-मानस 14416 हे मदतीचे क्रमांक छापायला प्रकाशकाला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

रोज किती

कुमार वाचकांसाठी 35 हजार शब्द पुरेत. डेमी आकाराच्या पानावर साधारण 270 शब्द धरले तर 130 पानांचं पुस्तक. रोज 400 शब्द लिहिले तर 88 दिवस, म्हणजे आखाडात बसलात तर दिवाळीच्या आसपास पहिला खर्डा हातात. सुरुवातीपासून युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फॉन्टात लिहिलेलं पुढं बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि ते निस्तरण्यात महिना जातो.

शेवट

कार्यशाळांत सगळ्यात जास्त भांडणं इथं होतात. बहुतेकांच्या पहिल्या खर्ड्यात पोर स्नेहसंमेलनात माइक हातात घेतं, दणदणीत भाषण करतं आणि टाळ्या. हे करू नका. आठ महिन्यांत मुखदुर्बळाचा वक्ता होत नाही, आणि असा शेवट केला की वाचणाऱ्या गप्प पोराला वाटतं, मीच नालायक.

मी घनश्यामचा शेवट तीनदा बदलला. पहिल्यात तो मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहितो. बरा होता, पण लिहून सुटला म्हणजे अडचणीतून पळवाट मिळाली. दुसऱ्यात वडील येतात. तो मोठ्यांचा रस्ता, जो आपणच बंद केला होता. तिसऱ्यात पूर्वपरीक्षेच्या आधीची हजेरी चालू आहे. "धनश्याम." तो गप्प. "धनश्याम!" वर्ग वळून बघतो. शेजारचा ढोसतो. तो समोर बघत बसून राहतो. सर लाल शाईनं गैरहजर लिहितात आणि मग मान वर करून म्हणतात, "अरे, तू इथं बसलायस की." आता सरांना विचारावंच लागतं.

जो पोरगा अख्खी कादंबरीभर बोलता आलं नाही म्हणून गप्प होता, तो इथं ठरवून गप्प आहे. कार्यशाळेतल्या निम्म्या लोकांना हे पटत नाही. एक आजोबा म्हणाले, सरळ सांगायला काय झालं होतं त्याला? त्यांना मी उत्तर दिलं नाही.

पुन्हा लिहिताना

खर्डा महिनाभर बाजूला ठेवा. मग संगणकावर 'वाटलं', 'एकटा', 'उदास', 'डोळे पाणावले' हे शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, पोर त्या क्षणी हातानं काय करत होतं. तेच लिहा, आधीचं काढा. दुसरी फेरी मोठ्यानं वाचून. तिसरी फेरी नववीतल्या चार-पाच मुलांसमोर. आवडलं का असं विचारू नका, ती हो म्हणतात. कुठल्या पानावर ती चुळबुळायला लागतात ते पाहा आणि ते पान कापा.

अख्ख्या कादंबरीआधी एखादा प्रसंग कथा म्हणून सुटा करून पाठवून बघा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, दिवाळी अंक आहेत. अंकांचं साहित्य पावसाळ्याच्या आधीच मागवायला सुरुवात होते हे ध्यानात ठेवा. प्रकाशकाला हस्तलिखित पाठवण्याआधी दोन पानांचा गोषवारा आणि पहिली दोन प्रकरणं पाठवा. करार लेखी करा. कुणी छपाईचे पैसे तुमच्याकडे मागत असेल तर ते प्रकाशन आहे की छपाई, हे स्वतःला विचारून मगच पुढं जा.

शुद्धलेखन प्रमाण ठेवा, पण संवादातले आणि 'मी'च्या निवेदनातले बोलीचे शब्द बोलल्यासारखेच राहायला हवेत, 'केलं'चं 'केले' होता कामा नये. आणि ह्या उदाहरणासारखी काही चूक तुम्ही मुद्दाम केली असेल, तर हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर मुद्रितशोधकासाठी, म्हणजे प्रूफं तपासणाऱ्यासाठी, ठळक अक्षरात चिठ्ठी जोडा. माझ्या कथेचं पहिलं मुद्रित घरी आलं तेव्हा एका कष्टाळू माणसानं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 46 ठिकाणी 'ध' खोडून 'घ' केला होता.